मजल्यावर मजला : कारखान्यांची वाढ आणि अग्निनियम

घराला पडवी काढावयाची असो की माडी चढवावयाची असो, जाणता गवंडी नव्या कामाचा अंदाज सांगण्यापूर्वी जुन्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. भिंत मातीची आहे की चुन्याची, पाया किती खोल गेला आहे, तुळईला वाळवी लागली आहे काय, हे तो हाताने चाचपून आणि ठोकून पाहतो. नवे बांधकाम जुन्याच्या जिवावर उभे राहावयाचे असते, हे तत्त्व त्याने कोणत्याही ग्रंथात वाचलेले नसते. ते त्याच्या हाडीमासी खिळलेले असते. कारखान्यांच्या बाबतीत मात्र हेच तत्त्व मनुष्यजातीला फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. आणि ते पुरते शिकून झाले आहे असे आजही म्हणवत नाही. त्या शिक्षणाची हकीकत थोडक्यात सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

कारखान्याची वाढ ही वस्तुतः आनंदाची गोष्ट. मागणी वाढते, माल पुरेनासा होतो, आणि मालकाच्या मनात विस्ताराचा विचार घोळू लागतो. हा विस्तार तीन प्रकारांनी होतो. जुन्या इमारतीस लागून नवी इमारत बांधली जाते. जुन्या मजल्यांवर नवा मजला चढविला जातो. किंवा भिंतींना हातही न लावता आतल्या आत यंत्रे, माल आणि माणसे यांची संख्या वाढविली जाते. पहिले दोन प्रकार रस्त्याने जाणाऱ्यासही दिसतात. तिसरा कोणास दिसत नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत फसवा. तिन्ही प्रकारांत तेच तीन प्रश्न नव्याने उपस्थित होतात. खांब आणि पाया यांना वाढलेला भार पेलेल काय? आग लागल्यास ती जुन्यातून नव्यात अथवा नव्यातून जुन्यात शिरताना कोठे अडेल? आणि आतील माणसांना वेळेवर बाहेर पडता येईल काय? हे प्रश्न आज कोणासही सुचण्याजोगे वाटतात. परंतु त्यांना कायद्यात स्थान मिळण्यापूर्वी पुष्कळ गिरण्या जळाव्या आणि कोसळाव्या लागल्या.

प्रथम सुचला तो आगीचा प्रश्न. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील गिरण्या बाहेरून विटांच्या, पण आतून सर्वस्वी लाकडाच्या असत. तक्तपोशीत यंत्रांचे तेल मुरलेले, हवेत तंतू तरंगणारे आणि उजेडासाठी उघडे दिवे, अशा ठिकाणी एक ठिणगी पुरे होई. लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ १७८६ साली सुरू झालेली आल्बियन मिल ही वाफेच्या बळावर पीठ दळणारी प्रचंड गिरणी त्या काळी एक आश्चर्य समजली जात असे; २ मार्च १७९१ रोजी ती जळून गेली. १७९६ साली लीड्स येथील मार्शल यांची तागाची गिरणी आगीत सापडली. तेव्हा त्यांच्या भागीदारांनी श्रूझबरीजवळ डिदरिंग्टन येथे जी नवी गिरणी बांधविली, तिच्या रचनेत चार्ल्स बेज याने लाकडास जवळजवळ रजा दिली. बिडाचे खांब, बिडाच्या तुळया, आणि तुळयांच्या मध्ये विटांच्या कमानी अशी ती पाच मजल्यांची इमारत १७९७ साली पुरी झाली. लोखंडी सांगाड्याची जगातील पहिली इमारत म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि ती अद्यापि उभी आहे. १८११ साली मात्र त्याच आवारातील, मुख्य गिरणीस लागून असलेली आडवी इमारत आगीत नष्ट झाली. आणि पुढल्या वर्षी ती पुन्हा उभारताना तेथेही लोखंडी सांगाडाच वापरला गेला. मुख्य इमारत कितीही पक्की असली, तरी तिच्या शेजारी जे जे जोडले जाते त्यास तोच नियम लावावा लागतो, हा धडा या एका आवारातच मिळाला होता.

परंतु लोखंड म्हणजे अग्नीपासून अभय, हा समजही पुढे खोटा ठरला. बीड जळत नाही हे खरे. पण ते ठिसूळ असते, आणि तापलेल्या बिडावर बंबाचे थंड पाणी पडले म्हणजे ते तडकण्याचा संभव असतो. पोलाद त्याहून चिवट. तरी सुमारे साडेपाचशे अंश उष्णतेला त्याचे अर्धे बळ नाहीसे होते. अटलांटिकपलीकडील न्यू इंग्लंडच्या गिरणीवाल्यांनी म्हणूनच निराळी वाट धरली. लाकूड पातळ असेल तर भुरकन पेटते. तेच जाड असेल तर वरचा थर कोळसा होऊन आतील गाभा बराच वेळ तग धरतो. या अनुभवावरून त्यांनी जाड तुळया आणि जाड फळ्या वापरल्या, आग लपून पसरेल अशा पोकळ जागा बंद केल्या, आणि जिने गिरणीच्या पोटातून काढून बाहेरच्या बाजूस स्वतंत्र बुरुजात नेले. गिरणी जळणारच नाही अशी बढाई त्यांनी मारली नाही. ती सावकाश जळावी आणि तेवढ्यात माणसे बाहेर पडावीत, एवढेच त्यांनी पाहिले.

या प्रकरणात ऱ्होड आयलंडचा झकराया ॲलन याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८२२ साली त्याने बांधलेल्या गिरणीत पंप, नळ्या आणि भक्कम अग्निद्वार यांची सोय केली होती. एवढा खर्च केल्यावर विम्याचा हप्ता कमी व्हावा, अशी त्याने विमा कंपनीकडे मागणी केली. ती नाकारली गेली. सावध मालक आणि बेफिकीर मालक यांस एकाच मापाने मोजावयाचे, हा न्याय त्याला पटला नाही. १८३५ साली त्याने आपल्यासारख्या गिरणीवाल्यांना एकत्र करून परस्पर विम्याची मंडळी काढली. तीत प्रवेश मिळविण्यापूर्वी गिरणीची तपासणी होई. सरकारचा कायदा येण्यापूर्वी कित्येक दशके विमेदाराचा तपासनीस हाच गिरणीचा कायदा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

विस्ताराच्या प्रश्नास या तपासनीसांनी जे उत्तर काढले ते अत्यंत व्यवहारी होते. जुनी इमारत आणि नवी इमारत यांच्यामध्ये जाड, छपराच्याही वर जाणारी भिंत घालावी. तीत वाट ठेवणे भागच असेल तर उतरत्या रुळावर सरकणारा अग्निद्वाराचा पल्ला बसवावा. आणि तो पल्ला थोड्याशा उष्णतेने वितळणाऱ्या धातूच्या कडीने अडकवून ठेवावा. आग लागली की कडी वितळते, पल्ला स्वतःच्या वजनाने घरंगळतो आणि वाट बंद होते. कोणा माणसाच्या प्रसंगावधानावर अवलंबून राहावे लागत नाही. आजही अनेक देशांच्या इमारतसंहितांत अशा अग्निभिंतीने विभागलेले दोन भाग स्वतंत्र इमारती मानले जातात. त्याच वितळत्या कडीच्या तत्त्वावर १८७४ साली हेन्री पार्मली याने आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी छतातील आपोआप सुटणाऱ्या जलफवाऱ्यांची योजना केली, आणि पुढे फ्रेडरिक ग्रिनेलने तीत सुधारणा केली. लँकेशायरातील गिरण्यांच्या जिन्यांवर जे उंच मनोरे दिसतात, त्यांच्या माथ्यावर बहुधा याच फवाऱ्यांच्या पाण्याची टाकी असे. फवाऱ्यांचा प्रसार वाढला तसे त्यांच्या नळांच्या मापांचे निरनिराळे नियम निघाले. त्या गोंधळास आवर घालण्याच्या खटपटीतूनच १८९६ साली अमेरिकेची राष्ट्रीय अग्निरक्षण संस्था जन्मास आली.

मात्र या सर्व योजनांत एक वैगुण्य होते. विमेदारास चिंता होती ती मालमत्तेची. भिंत, माल आणि यंत्र वाचले म्हणजे त्याचा हिशेब जुळे. माणसे त्याच्या वहीत नव्हती.

माणसांचा हिशेब कसा चुकतो, हे मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स गावच्या पेंबर्टन मिलने दाखविले. १८५३ साली बांधलेली ही पाच मजली कापसाची गिरणी १८५७ च्या मंदीत विकली गेली, आणि नव्या मालकांनी अधिक उत्पन्नासाठी तीत आणखी यंत्रे बसविली. बाहेरून पाहणाऱ्यास गिरणी होती तेवढीच होती. १० जानेवारी १८६० रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास, शेकडो कामगार आत असताना, ती अकस्मात कोसळली. चौकशीत बिडाचे खांब सदोष आढळले; ओतताना त्यांची जाडी एका बाजूस फार आणि दुसऱ्या बाजूस थोडी अशी झाली होती. खांब अशक्त आणि भार वाढता, अशी ती जोडी जमली होती. त्याहून दारुण प्रसंग रात्री घडला. ढिगाऱ्याखालील लोकांस काढण्याचे काम चालू असताना एक कंदील फुटला, तेलकट कापसाने पेट घेतला, आणि जे जिवंत अडकले होते त्यांतील कित्येकांचा अंत बाहेर उभ्या असलेल्या आप्तांच्या डोळ्यांदेखत झाला. मृतांचा आकडा निरनिराळ्या ठिकाणी ८८ पासून १४५ पर्यंत दिलेला आढळतो.

या घटनेनंतर एकावन्न वर्षांनी न्यूयॉर्क शहरात जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे; कारण तेथे इमारत पडली नाही, जळूनही गेली नाही. ती अद्याप उभी असून तीत विश्वविद्यालयाचे वर्ग भरतात. ॲश बिल्डिंग ही दहा मजल्यांची इमारत १९०१ साली पुरी झाली. तिची उंची १३५ फूट होती. १५० फुटांहून उंच इमारतींत लाकडी तक्तपोशी वापरता येऊ नये, असा शहराचा नियम होता. पंधरा फुटांनी ही इमारत त्यातून सुटली. तिसरा जिना असावा अशी अधिकाऱ्याची सूचना होती. बाहेरील लोखंडी शिडी हाच तिसरा जिना समजावा, असा शिल्पज्ञाने युक्तिवाद केला. पुढे वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा शिवणकामाचा कारखाना थाटला गेला. प्रत्येक कामगारामागे २५० घनफूट हवा असावी, असा कारखान्यांचा नियम होता. या इमारतीची छते उंच होती. तेव्हा हवा भरपूर, आणि हवा भरपूर म्हणून माणसे भरपूर! डोक्यावरील रिकामी पोकळी मोजून जमिनीवरील गर्दीस परवाना मिळाला. विस्ताराचा तिसरा, अदृश्य प्रकार तो हाच.

२५ मार्च १९११, शनिवारी, काम सुटावयाच्या वेळी आठव्या मजल्यावरील कापडाच्या तुकड्यांना आग लागली. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. कामगार कापड चोरतील म्हणून ती वाट बंद ठेवीत असत, असे पुढे साक्षींत निघाले. जी लोखंडी शिडी तिसरा जिना म्हणून मान्य झाली होती, ती माणसांच्या भाराने वाकली आणि माणसांसह खाली कोसळली. बंबवाले तत्काळ आले. पण त्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. एकशेसेहेचाळीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत १२३ स्त्रिया होत्या, आणि पुष्कळशा नुकत्याच परदेशांतून आलेल्या तरुण मुली. कारखान्याच्या मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

त्याच वर्षी न्यूयॉर्क प्रांताने रॉबर्ट वॅग्नर आणि आल्फ्रेड स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली कारखान्यांचे चौकशी मंडळ नेमले. त्याच्या कामातून नियमांचा रोखच पालटला. दारे बाहेरच्या बाजूस उघडावीत, काम चालू असता ती कुलूपबंद नसावीत, आग लागल्यास बाहेर कसे पडावे याची कवाईत घ्यावी, हे नियम आले. पण त्याहून मोलाचा विचार हा की, एखाद्या मजल्यावर किती माणसे बसवावीत हे तेथील हवेवरून न ठरविता जिन्याच्या रुंदीवरून ठरवावे. बसावयास जागा किती हा प्रश्न मागे पडला आणि बाहेर पडावयास वाट किती हा प्रश्न पुढे आला. राष्ट्रीय अग्निरक्षण संस्थेने १९१३ साली जीवितरक्षणासाठी स्वतंत्र समिती नेमली, आणि तिच्या परिश्रमांतून १९२७ साली निर्गमनमार्गांची संहिता प्रसिद्ध झाली. माणूस हिशेबाच्या वहीत आला तो असा.

येथे मालकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणतो, "माझी इमारत बांधली तेव्हा जो कायदा होता तो मी पाळला. आज मला एक दालन वाढवावयाचे आहे, तर तुम्ही साऱ्या जुन्या इमारतीला आजचे नियम लावू पाहता. दालनाचा खर्च एक आणि तुमच्या जिन्यांचा, नळांचा व भिंतींचा खर्च दुसरा. मग मी वाढूच नये काय?" ही तक्रार अगदीच पोकळ नाही. पूर्वी जे कायदेशीर होते त्यास एका रात्रीत बेकायदेशीर ठरविणे न्यायाचे नव्हे, आणि लहान कारखानदाराचे तर त्यात कंबरडेच मोडते. म्हणून बहुतेक संहितांनी मध्यम मार्ग पत्करला आहे. नव्या भागाने नवे नियम पाळावेत. जुना भाग जोवर जसाच्या तसा आहे तोवर त्यास बऱ्याच अंशी सवलत असावी. परंतु नव्या जोडकामामुळे जुना भाग पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचा होता कामा नये. यांतील शेवटची अटच महत्त्वाची. नव्या दालनामुळे जुन्या दालनाची खिडकी बुजत असेल, जुन्या जिन्यावर दुप्पट माणसे येत असतील, बंब फिरण्याची जागा अडत असेल, तर जुने दालन जुने राहिलेच नाही. मात्र या व्यवस्थेस एक चोरवाट आहे. उघडपणे विस्तार केला तर खर्च पडतो, हे पाहून पुष्कळ मालक परवानगीस जातच नाहीत. ते आतल्या आत वाढतात. कायदा जेवढा दारापाशी कडक आणि आत शिथिल, तेवढा हा मोह बळावतो.

आपल्या देशाच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने ही चोरवाट ओळखली होती, ही समाधानाची गोष्ट आहे. कारखाना बांधण्यासाठी अथवा वाढविण्यासाठी पूर्वपरवानगी आणि मंजूर नकाशे मागण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांस दिला. 'वाढ' कशास म्हणू नये, हेही त्याने सांगितले. जुने यंत्र बदलले, किंवा ठरावीक मर्यादेत नवे यंत्र घातले, तर तेवढ्याने कारखाना वाढला असे होत नाही. मात्र यंत्राभोवती सुरक्षितपणे काम करण्यास लागणारी मोकळी जागा त्यामुळे कमी होता कामा नये, आणि वाफ, उष्णता किंवा धूळ यांचा उपद्रव वाढता कामा नये. याचा सरळ अर्थ असा की, एकही भिंत न हलविता कारखाना वाढू शकतो. त्याच कायद्यात बाहेर जाण्याची दारे आतून सहज उघडावीत, ती बाहेरच्या बाजूस उघडावीत, आणि आत कोणी असताना कुलूपबंद नसावीत, हेही कलम होते. ट्रँगलच्या नवव्या मजल्यावरील ते एक दार ज्याच्या ध्यानात आहे, त्यास हे कलम कोरडे वाटणार नाही. पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ देशातील कारखाने या कायद्याखाली चालले.

परंतु कागदावरील शहाणपण आणि जमिनीवरील व्यवहार यांतील अंतर किती असते, याची भयंकर साक्ष आपल्या शेजारीच मिळाली. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती, आणि तिच्यावर नवव्या मजल्याचे काम चालू होते. वरचे मजले परवानगीवाचून चढविलेले होते. इमारत मूळची दुकाने व कचेऱ्या यांसाठी योजलेली. तीत शिवणकामाचे कारखाने, त्यांची यंत्रे आणि विजेची जनित्रे येऊन बसली. म्हणजे वर वाढ आणि आतही वाढ, अशी दुहेरी वाढ येथे एकाच पायावर झाली होती. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंती व खांब यांना तडे गेलेले दिसले. खालची बँक आणि दुकाने बंद झाली. पण वरच्या कामगारांना दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर बोलावण्यात आले. २४ एप्रिलच्या सकाळी नऊच्या सुमारास इमारत बसली. अकराशेचौतीस माणसे गेली. त्याच्या आधी पाचच महिने, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी, ढाक्याजवळच्याच ताजरीन कारखान्यात आग लागून शंभराहून अधिक कामगार मेले होते. तेथे जिने तीन होते. परंतु तिन्ही खालच्या मजल्यावर, म्हणजे नेमके जेथे आग लागली तेथेच उतरत होते. या दोन आघातांनंतर मे २०१३ मध्ये परदेशी व्यापारी आणि कामगारसंघ यांच्यात बंधनकारक करार झाला, आणि दीड हजारांहून अधिक कारखान्यांच्या तपासणीची व्यवस्था त्याखाली आली. पेंबर्टन आणि ट्रँगल यांनी शिकविलेले दोन धडे शंभर वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून गिरवावे लागले.

शेजाऱ्याचे उदाहरण देऊन आपण निश्चिंत व्हावे, अशीही स्थिती नाही. मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थांबले, पण त्यांची आवारे राहिली. त्यांत कचेऱ्या आल्या आणि खाणावळी आल्या. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातील एका इमारतीच्या गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा जण प्राणांस मुकले. गच्ची ही वस्तुतः उघड्या आकाशाची जागा. तिच्यावर मांडव घातला, छत आले, माणसे आली, म्हणजे तो एक मजलाच झाला, मग नकाशात तो असो वा नसो. आगीने नकाशा पाहिला नाही.

सव्वादोनशे वर्षांच्या या हकीकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा नव्या भागाकडे पाहतो. आग आणि भार मात्र साऱ्या इमारतीकडे पाहतात. परवानगीचा अर्ज हा नव्या दालनापुरता असला, तरी तो साऱ्या इमारतीची झडती घेण्याचा एकमेव सोयीचा प्रसंग असतो; कारण एरव्ही चालू कारखान्यात खांब मोजावयास आणि जिना पाहावयास कोणीही जात नाही. तो प्रसंग टळावा म्हणून मालक आतल्या आत वाढला, आणि अधिकाऱ्याने दालनाबाहेर पाहण्याचे टाळले, म्हणजे दोघांचेही श्रम वाचतात. वाचत नाहीत ती तिसरीच माणसे. नवव्या मजल्यावर शिवत बसलेल्या मुलीने इमारतीचा नकाशा कधी पाहिलेला नसतो. दार उघडेल, एवढ्याच विश्वासावर ती रोज जिना चढून वर जाते. तिच्या वतीने ते दार आधीच कोणी तरी उघडून पाहावे, यासाठीच हे सारे नियम आहेत.